टॅपेट वाजतंय, लिफ्टर कुठले घालू? : वाचकांचे प्रश्न

या खेपेला टॅपेटच्या आवाजावर (इंजिनच्या वरच्या भागात, व्हॉल्व्हच्या जागी येणारी टिकटिक) बरीच पत्रं आलीत. खानापूरचं पत्र सगळ्यात सविस्तर आहे आणि त्यात बाकीच्यांचेही निम्मे प्रश्न येतात, म्हणून जागा त्यालाच जास्त दिलीय.

प्रश्न (खानापूर) : दादा नमस्कार. माझी डिझायर डिझेल आहे, २०१२ची, केए-२२ पासिंग, २ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. गोव्याची भाडी असतात, चोर्ला घाटातून सारखं येणंजाणं. आधी सकाळी चालू केल्यावर जरा टिकटिक व्हायची आणि थांबायची, आता गाडी तापली तरी आवाज येऊलालाय. एक मिस्त्री म्हणतोय सोळाच्या सोळा लिफ्टर बदला, दुसरा म्हणतोय वाजणारे तेवढेच बदलू, तिसरा म्हणतोय जाड ऑइल घाला गप बसतंय. दुकानात गेलो तर कंपनीचे वेगळे, दुसऱ्या ब्रँडचे वेगळे, बिननावाचे एकदम स्वस्त, आणि स्क्रॅपमधले काढून देतो म्हणणारा पण भेटला. कुठले घालू सांगा की.

उत्तर : स्क्रॅपमधले आणि बिननावाचे दोन्ही सोडून द्या, त्यावर पुढं बोलू. पण दादा, तुम्ही एकदम "कुठले घालू" वर आलाय, त्याच्या आधी "घालायचे का" हे बघायला पाहिजे, कारण तीन मिस्त्र्यांनी तीन उपाय सांगितले पण तुमच्या पत्रात ऑइलचं प्रेशर कुणी मोजलं असं कुठंच दिसत नाही.

तुमचं इंजिन म्हणजे ते फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, वर ते उघडणारे दोन कॅम, टायमिंगला चेन. प्रत्येक व्हॉल्व्हला एक रोलरवाला रॉकर आणि त्या रॉकरच्या एका टोकाखाली बोटाएवढा हायड्रोलिक लिफ्टर. ह्या लिफ्टरच्या आत एक दट्ट्या, एक बारीक गोळी आणि स्प्रिंग असते. इंजिनचं ऑइल भोकातून आत जातं, गोळी भोक बंद करते आणि आत अडकलेलं ऑइल दट्ट्याला वर धरून ठेवतं, म्हणजे सिरिंजचं तोंड बोटानं दाबून धरलं की दट्ट्या कसा खाली जात नाही तसंच. त्यामुळं कॅम, रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात फट राहत नाही आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून अ‍ॅडजस्ट करायची गरज पडत नाही. दट्ट्या आणि त्याच्या घराच्या मधली फट काही मायक्रॉनचीच असते. आता सांगा, एवढ्या बारीक जागेत घाण ऑइल गेलं, गोळीखाली कण बसला किंवा ऑइलच पुरेसं आलं नाही तर दुसरं काय होणार? लिफ्टर दबतो, फट पडते, टकटक सुरू होते. लिफ्टर बहुतेक वेळा स्वतःहून खराब होत नाही, ऑइलमुळं होतो. नवे सोळा घातले आणि ऑइलची भानगड तशीच राहिली तर ते सोळाही त्याच वाटेनं जाणार.

म्हणून आधी कान लावा. सकाळी दोन-चार सेकंद टिकटिक होऊन थांबत असेल तर ते एवढ्या चाललेल्या गाडीत मी आजार मानत नाही, रात्रभरात लिफ्टरमधलं ऑइल थोडं खाली उतरतं आणि चालू झाल्यावर परत भरतं. हे वाढलं असेल तर ऑइल फिल्टर कुठला घातलाय बघा, स्वस्तातला असेल तर अस्सल फिल्टर घाला. तुमचं मात्र तापल्यावरही वाजतंय. ऑइल तापलं की पातळ होतं, म्हणजे एकतर लिफ्टर झिजून ऑइल धरत नाहीत, नाहीतर प्रेशरच कमी येतंय. यातलं कुठलं हे ओळखायची एक खूण आहे, आवाज एकाच जागेवरून येत असेल तर तिथला लिफ्टर किंवा रॉकर, आणि वरचं सगळंच वाजत असेल तर सोळा लिफ्टर एकाच आठवड्यात कशाला मरतील, तिथं ऑइल पोचत नाही असं समजा.

आवाज कुठून येतो हे शोधायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर आणि मूठ कानाला, ही जुनी पद्धत आजपण चालते, फक्त सैल बाही आणि पट्टा सांभाळा. डिझेलमध्ये एक घोटाळा होतो. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणजे ८०० आरपीएमला एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, आणि इंजेक्टरपण (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) दोन फेऱ्यांत एकदाच काम करतो, म्हणून दोघांचा ठेका सारखाच लागतो. इंजेक्टर टकटक करत असतो आणि लिफ्टरचे पैसे जातात असं होतं. चांगला मेकॅनिक स्कॅनर लावून एकेक इंजेक्टर बंद करून बघतो, बंद केल्यावर आवाज गेला तर दोष तिकडं. पण चालू इंजिनवर इंजेक्टरचा पाइप सैल करून बघू नका आणि कुणाला करूपण देऊ नका, कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) प्रेशर हजार बारच्याही वर जातं, ती बारीक धार कातडी फाडून आत जाते. तिसरा संशयित म्हणजे टायमिंग चेन. चेनचा आवाज टिकटिक नसतो, खरखर असतो, आणि तो पट्ट्याच्या बाजूनं येतो.

आता प्रेशर. ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथं मेकॅनिकल गेज लावायचा, गाडी पूर्ण तापवायची, आयडलला आणि रेसवर असं दोन्हीकडं मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायचं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटत नाही म्हणजे प्रेशर चांगलं आहे असं नसतं, तो दिवा एकदम तळाला गेल्यावरच पेटतो. (तापल्यावर आयडलला तो लुकलुकत असेल तर गाडी चोर्ल्यात नेऊच नका.) प्रेशर कमी आलं तर चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवून आतल्या स्ट्रेनरची जाळी बघा. २ लाख ४० हजारांत काळा चिकट गाळ बसून निम्मी जाळी बंद झालेली असू शकते, आणि जाळी साफ केल्यावरच टॅपेट शांत झाल्याच्या गाड्या उद्यमबागेत कुठल्याही जाणत्या फिटरला विचारा, तो सांगेल. नाहीतर ऑइल पंप, नाहीतर बेअरिंग. बेअरिंग गेलेल्या इंजिनवर नवे लिफ्टर चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

डिपस्टिकपण नीट बघा. कमी असेल तर पंप हवा ओढतो हे सगळ्यांना कळतं, पण जास्त असलं तरी त्रास, क्रँक ऑइलला घुसळून फेस करतो आणि फेसाळलेलं ऑइल लिफ्टरमध्ये गेलं की तो दबणारच. तुम्ही न घालता लेव्हल वाढत असेल आणि डिपस्टिकला डिझेलचा वास असेल तर इंजेक्टर गळतोय, डिझेल खाली उतरून ऑइल पातळ होतंय. काळं दिसतंय म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनात नवं ऑइलपण लगेच काळं होतं. बोटावर घेऊन चोळा, खरखर लागली तर वाईट.

जाड ऑइलचा सल्ला तेवढा अजिबात ऐकू नका. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच घाला. २०डब्ल्यू-५० घातलं की तापल्यावर आवाज थोडा दबतो, हे खरं आहे आणि म्हणूनच हा उपाय इतका चालतो, पण खानापूरच्या थंडीत पहाटे गाडी चालू केली की ते जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, तेवढा वेळ कॅम, रॉकर आणि टर्बो कोरडे घासतात. झीज वाढते आणि वर्षभरात परत तिथंच येता. फ्लशबद्दल (इंजिन आतून धुवायचं बाटलीतलं औषध) पण विचारलंय बऱ्याच जणांनी. वर्षानुवर्षं साठलेला गाळ एका बाटलीनं सुटला तर तो जाऊन जाळीतच बसतो, म्हणून जुन्या घाण इंजिनात मी फ्लश सुचवत नाही. त्यापेक्षा योग्य ग्रेडचं चांगलं ऑइल आणि अस्सल फिल्टर घालून पाचशे-हजार किलोमीटर चालवा, परत फिल्टरसकट बदला. पुष्कळदा अडकलेली गोळी एवढ्यानंच सुटते आणि लिफ्टरचा खर्च वाचतो.

हे सगळं करून प्रेशर बरोबर आलं आणि आवाज तरी राहिलाच, तर मग लिफ्टर. तेव्हा सोळाच्या सोळा बदला, तुमच्या पहिल्या मिस्त्रीचं म्हणणं इथं बरोबर आहे. सगळे सारखेच चाललेत, आज चार वाजतात, सहा महिन्यांनी बाकीचे वाजणार, आणि खरा खर्च वस्तूपेक्षा उघडण्या-लावण्याच्या मजुरीचा असतो. लिफ्टर काढायला वरचं कॅमचं हाऊसिंग उतरवावं लागतं, टायमिंग लॉक करायच्या पिना लागतात. त्या पिना ज्याच्याकडं नाहीत आणि खूण करून जमवतो म्हणतो त्याच्याकडं हे काम देऊ नका. टायमिंग चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर बसतात आणि मग लिफ्टरचा प्रश्नच राहत नाही. चेन अजून बदललेली नसेल तर त्याच वेळी चेन, टेन्शनर, गाइड सगळं बदलून घ्या, एवढ्या किलोमीटरला परत उघडायची वेळ आणू नका.

कुठले घ्यायचे? माझ्या मते दोनच पर्याय. एक, मारुतीच्या पार्ट काउंटरवरून चासी नंबर सांगून मिळणारे जेन्युइन. दुसरा, जे कारखाने गाडी कंपन्यांना लिफ्टर पुरवतात त्यांच्या स्वतःच्या डब्यात येणारे, उदाहरणार्थ शेफलरचा आयएनए ब्रँड. दुसऱ्या पर्यायात पैसे वाचू शकतात आणि दर्जात मी कमी-जास्त करणार नाही. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या तरी हे इंजिन टाटाच्या व्हिस्टात, फियाटच्या पुंटो-लिनियात, सगळीकडं होतं, त्यामुळं पार्टची टंचाई नाही. पण म्हणूनच दुकानदार "हाच बसतोय बघा" म्हणून कुठलापण डबा पुढं करतो. तिथं घाई नको. पार्ट नंबर जुळला पाहिजे, आणि जुना एक लिफ्टर खिशात घालून न्या, बाजूला ठेवून व्यास, उंची आणि अंगावरच्या ऑइलच्या भोकाची जागा बघा. उंची मापापेक्षा जास्त असली तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. दिसायला सारखा म्हणजे तोच असं नाही.

बिननावाचा का नको तेपण सांगतो. ती मायक्रॉनची फट आणि वरच्या पृष्ठभागाचं कडकपण डोळ्यांना दिसत नाही, स्वस्तात बनवणारा नेमकं तिथंच वाचवतो. स्क्रॅपमधला तर कुठल्या इंजिनातनं निघाला, ऑइल बदलत होते का नाही, काहीच माहीत नसतं, शिवाय लिफ्टर ज्या जागेवर चाललाय त्या जागेशी त्याची झीज जुळलेली असते. म्हणूनच स्वतःचे जुने परत घालायची वेळ आली तरी ज्याचा त्याला, नंबर टाकलेल्या खोक्यात क्रमानं ठेवायचे असतात. नव्यांची डबी सीलबंद, पार्ट नंबर छापलेला, एमआरपीचं लेबल नीट चिकटवलेलं आणि बिलावर तोच नंबर, एवढं बघूनच पैसे द्या. मग तुम्ही बेळगावात घ्या नाहीतर कोल्हापुरात.

उघडल्यावर स्वतः तिथं उभे राहा. प्रत्येक रॉकरचा रोलर बोटानं फिरवून बघा, गुळगुळीत फिरला पाहिजे, अडखळला किंवा आडवा हलला तर तो रॉकर बदला. कॅमच्या लोबवरून (उंचवट्यावरून) नख फिरवा, नख अडकलं म्हणजे खड्डा पडलाय, असल्या कॅमवर नवे लिफ्टर घालून उपयोग नाही. जुना लिफ्टर अंगठ्यानं दाबून बघा, ऑइल भरलेला चांगला लिफ्टर दगडासारखा कडक लागतो, गेलेला स्पंजासारखा दबतो. तो दबलेला एकदा हातात घेतला म्हणजे मिस्त्री खरं बोलत होता का ते तुम्हालाच कळेल.

बसवताना नवे लिफ्टर डब्यातनं काढल्यावर उभेच ठेवायचे, आडवे लोळवायचे नाहीत, उघडून आत बघायचं नाही, कारखान्यातनं ऑइल भरून आले असतील तर ते पिळून काढायचं नाही. सिलंट बेतानं लावायला सांगा, जास्तीचा सिलंट आत दबून सुटतो आणि ऑइलच्या भोकात जाऊन बसतो. बसवून झाल्यावर लगेच स्टार्टर मारायचा नाही, निदान अर्धा तास थांबायचं, दट्टे आपापल्या जागी दबून बसू देत, मग क्रँक पान्यानं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा, कुठं अडलं तर थांबायचं. त्यानंतरच चालू करायची. सुरुवातीला थोडा वेळ वाजेल, रेस न देता आयडलच्या वर जरा धरून ठेवा, हवा निघाली की शांत होते. पहिलं ऑइल लवकर बदला.

प्रश्न (निपाणी) : आमची मारुती ओम्नी गॅसवर चालतीया, लै जुनी हाय, टॅपेट वाजत्यात. हायड्रोलिक लिफ्टर बेळगावात मिळतील का कोल्हापूरला जाऊ?

उत्तर : कुठंच जाऊ नका. ७९६ सीसीच्या ओम्नीत हायड्रोलिक लिफ्टर नसतातच, रॉकरवर स्क्रू आणि नट असतो, फिलर गेजनं फट अ‍ॅडजस्ट करायची. तासाभराचं काम आहे, निपाणीतच होईल. इंजिन थंड असताना करा, फट किती ते मॅन्युअल बघून ठेवा.

पण गॅसवर चालते म्हणालात म्हणून एक गोष्ट नीट ऐका. एलपीजीवर व्हॉल्व्ह आणि त्याची सीट जास्त झिजतात, व्हॉल्व्ह हळूहळू वर चढतो आणि फट वाढायच्या ऐवजी कमी होत जाते. म्हणजे आवाज बंद होतो. लोकांना वाटतं गाडी सुधारली. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसतो, जळता गॅस त्याच्या कडेनं निघतो आणि कड जळून जाते, मग मिसिंग, पिकअप नाही, हेड उतरवा. तुमचे टॅपेट वाजतायत म्हणजे अजून फट आहे, ती बरी गोष्ट. आवाज काढायचा म्हणून मिस्त्रीला फट मापापेक्षा कमी करू देऊ नका. गॅसच्या गाडीची फट वर्षातून एकदा तरी तपासा, वाजो न वाजो.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : काका, मी इंजिनिअरिंगला आहे, सेकंडहँड क्लासिक ३५० घेतलीय, २०१४चं मॉडेल. ऑइल बदलल्यापासून टिकटिक येतेय. सगळे मित्र म्हणतात टॅपेट टाइट कर, पण स्क्रूच सापडत नाही. लिफ्टर गेले का?

उत्तर : स्क्रू सापडणार नाही, कारण नाहीच आहे. तुझं इंजिन यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात), त्यात हायड्रोलिक लिफ्टर आहेत, मित्र सांगतायत ते जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं. आवाज ऑइल बदलल्यानंतर आला असं तूच लिहिलंयस, म्हणजे लिफ्टरवर संशय घ्यायच्या आधी त्या सर्व्हिसवर घे. फिल्टर बदलताना कव्हरमधला ओ-रिंग राहिला, कापला गेला किंवा जुनाच बसवला तर ऑइलचं प्रेशर तिथंच सुटतं आणि वर लिफ्टरला पुरत नाही. कव्हर उघडून नवा ओ-रिंग घाल. ऑइल १५डब्ल्यू-५० आहे ना बघ, मोटारसायकलचंच, कारचं नाही, नाहीतर क्लच घसरेल. लेव्हल बघताना गाडी थोडी चालवून, बंद करून, मेन स्टँडवर सरळ उभी करून काचेतनं बघायची, साइड स्टँडवर तिरकी असताना दिसतं ते खोटं.

अगदी हळू आयडलला येणाऱ्या टकटकीत डीकॉम्प्रेसरचाही (चालू करताना कॉम्प्रेशन थोडं सोडणारा भाग) वाटा असतो, जरा रेस दिली की ती जाते, तिच्यासाठी इंजिन उघडू नकोस. हे सगळं करून तापल्यावरही, रेसवरही वाजत राहिलं तर लिफ्टर बघ, तेव्हा दोन्ही एकदम बदल आणि कंपनीचेच घे, इथं पैसे वाचवायला जाऊ नकोस. गाडी तुझ्या हौसेची आहे हे पत्रावरून कळतंच, म्हणून सांगतो, उघडताना मेकॅनिकजवळ उभा राहा, शिकायला मिळेल.

प्रश्न (संकेश्वर) : जुनी इनोव्हा, २.५ डिझेल, साडेतीन लाख किलोमीटर. हायड्रोलिक लिफ्टर बदलायचं कोटेशन मिळालंय, करू का?

उत्तर : करू नका, आधी कोटेशन देणाऱ्याला विचारा की तो नेमका कुठला पार्ट बदलणार आहे. त्या जुन्या २.५ डी-४डी इंजिनात हायड्रोलिक लिफ्टर नाहीत, बकेट आणि शिम (व्हॉल्व्हवरची वाटी आणि चकती) आहेत, शिमच्या जाडीवर फट ठरते. फट मोजून कागदावर सोळा आकडे लिहून द्यायला सांगा, जिथं मापाबाहेर आहे तिथली शिम बदला, बाकीच्यांना हात लावू नका. इंजेक्टर आणि ऑइल प्रेशर मात्र वर खानापूरच्या दादांना सांगितलं तसं तपासून घ्या, साडेतीन लाखांना ते जास्त गरजेचं आहे. आणि आकडे न लिहिता नुसतं "सगळं बदलू" म्हणाला तर दुसऱ्या गॅरेजला मोजून घ्या.